रोमचा मालक आणि लातूरचा पॅटर्न

मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांपैकी फार थोड्यांना गावाचं नाव मागे लावून मिरवायला मिळालं. 'पॅटर्न' त्यांत पुढे आहे. लातूर पॅटर्न, नांदेड पॅटर्न, बीड पॅटर्न, शिरपूर पॅटर्न, अकोला पॅटर्न, मुळशी पॅटर्न आणि अगदी अलीकडचा सांगली पॅटर्न. यातला एक बारावीच्या गुणांचा, एक परीक्षेतली कॉपी थांबवण्याचा, एक पीकविम्याचा, एक नाले खोल करून पाणी जिरवण्याचा, एक निवडणुकीतल्या जातींच्या जुळवाजुळवीचा. मुळशीचा पॅटर्न प्रवीण तरडे यांच्या २०१८च्या चित्रपटाने घरोघरी पोचवला. तो जमिनी विकल्या गेल्यावर हातात कोयता आलेल्या पोरांचा. आणि सांगलीचा पॅटर्न म्हणजे पक्षाच्या वाटपात जागा गेली तरी अपक्ष उभं राहून निवडून येणं. सात गावं, सात धंदे, शब्द एकच.

इंग्रजीत असं कुणी बोलत नाही. तिकडची वर्तमानपत्रं केरळ मॉडेल म्हणतात, गुजरात मॉडेल म्हणतात. 'पॅटर्न' म्हटलं की आजच्या इंग्रजी वाचकाला आधी आठवते कापडावरची नक्षी, नाहीतर पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने घडणारी गोष्ट. गावाचं नाव आणि पुढे पॅटर्न ही जोडी मराठीने आपल्या हिमतीवर बसवली आणि, माझ्या मते, ती बसवण्याचं बरंचसं श्रेय लातूरचं आहे. गंमत अशी, की हे करताना लातूरने या शब्दाला नकळत त्याच्या सर्वांत जुन्या अर्थाजवळ नेऊन ठेवलं.

तो जुना अर्थ शोधायला रोमपर्यंत जावं लागतं. लॅटिनमध्ये 'पातेर' म्हणजे बाप. त्यावरून 'पात्रोनुस', म्हणजे बापाच्या जागी असलेला माणूस. रोमन समाजात गुलामाला मुक्त केलं, तरी जुना मालक आणि तो यांचं नातं तुटत नसे. मालक त्याचा 'पात्रोनुस' होई. त्याने संरक्षण द्यायचं, अडीनडीला पाठीशी उभं राहायचं आणि मोकळ्या झालेल्याने त्याच्या घराण्याचं नाव जन्मभर लावायचं. कोर्टात दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्यालाही हाच शब्द होता. हॅरी पॉटरच्या पुस्तकांत संकटात धावून येणारा चंदेरी प्राणी 'पॅट्रोनस' म्हणवतो, तोही इथलाच.

फ्रेंचमधून हा शब्द 'पॅट्रन' होऊन इंग्रजीत आला तेव्हा त्याच्यासोबत दोन अर्थ होते. एक आश्रयदाता. देऊळ बांधायला पैसे देणारा, कवीला पोसणारा, गावाचा रक्षणकर्ता संत. दुसरा अर्थ मध्ययुगीन लॅटिनमध्येच रुजलेला होता: ज्याच्याकडे पाहून दुसऱ्याने तसं करायचं तो नमुना. बापाकडे पाहून मुलगा शिकतो, धन्याकडे पाहून आश्रित वागतो, तेव्हा माणसाचा शब्द वस्तूला लागायला वेळ लागला नाही. चॉसरने चौदाव्या शतकात एका देखण्या स्त्रीचं वर्णन करताना तिला निसर्गाने सौंदर्यासाठी समोर ठेवलेला 'पॅट्रन' ठरवलं आहे. तिथे आश्रयाचा काही संबंध नाही, ती सरळ सरळ कित्ता आहे. जो गिरवायचा तो कित्ता. लहानपणी पाटीवर मास्तरांनी काढून दिलेलं अक्षर आणि त्यावरून फिरणारी पेन्सिल, हा या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आहे. नक्षीचा अर्थ त्याला सोळाव्या शतकाच्या अखेरीस चिकटला, म्हणजे पुष्कळ उशिरा.

मग 'पॅट्रन'चा 'पॅटर्न' कसा झाला? तोंडाच्या आळसाने. इंग्रज माणूस पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि पुढचं अर्धवट गिळतो. त्या गिळण्यात 'र' आपली जागा सोडून पुढच्या स्वराच्या पलीकडे सरकला. असं तिथे बरेचदा झालं आहे: पक्ष्याला आज 'बर्ड' म्हणतात, तो पूर्वी 'ब्रिड' होता, 'थर्ड' हा 'थ्रिड' होता. आपल्या व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात आणि त्यासाठी व्याकरण शिकायची गरज नाही. गारपीट झाल्यावर पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला शेतकरी 'लई नुस्कान झालं' असं सांगतो, तेव्हा 'नुकसान'मधला 'स' असाच 'क'च्या अलीकडे उडी मारून आलेला असतो.

सोळाव्या शतकात ही दोन रूपं शेजारी शेजारी नांदत होती आणि कोणती कशाला वापरायची याचा नियम नव्हता. १७००च्या सुमारास वाटणी पक्की झाली. माणूस असेल तर 'पॅट्रन', वस्तू किंवा रीत असेल तर 'पॅटर्न'. एका बापाची दोन पोरं, पण आता एकमेकांना ओळखही न देणारी. फ्रेंचांनी ही वाटणी केलीच नाही. तिथे 'पात्राँ' म्हणजे दुकानाचा मालक, आणि शिंपी ज्यावरून कापड बेततो तो कागदाचा तुकडा, तोही 'पात्राँ'. आपल्याकडे शिवणक्लासातल्या बाया त्याला 'पेपर कटिंग' म्हणतात.

आयर्लंडमध्ये तर आणखी मजा. तिथे गावाच्या रक्षक संताच्या दिवशी लोक पवित्र विहिरीपाशी जमतात, प्रदक्षिणा घालतात, मग खाणंपिणं, बाजार, नाचगाणं. त्या दिवसाला तिथल्या इंग्रजीत 'पॅटर्न' म्हणतात, कारण तो 'पॅट्रन'चा दिवस. म्हणजे लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा किंवा लातूरची सिद्धेश्वराची यात्रा एखाद्या आयरिश म्हाताऱ्याने पाहिली असती, तर त्याने तिला बिनदिक्कत पॅटर्न म्हटलं असतं. लातूरचा पॅटर्न म्हणून जत्रा हा अर्थ मला तरी जास्त आवडला असता.

आता घरचं नातं. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. त्यानंतर या भाषांतल्या शब्दांच्या जोड्या लावायचं शास्त्रच उभं राहिलं आणि त्यात सर्वांत आधी दिली जाणारी जोडी बापाची असते: संस्कृत पितृ, ग्रीक पातेर, लॅटिन पातेर, फारसी पिदर. इंग्रजीच्या पूर्वजाने 'प'चा 'फ' केला म्हणून तिथे 'फादर'. रोमनांचा 'जुपिटर' हा वेदांतल्या 'द्यौष्पितृ'चा भाऊ. पुढे पोर्तुगीजांनी आपल्या धर्मगुरूंना 'पाद्रे' म्हणत गोव्यात आणलं आणि मराठीने त्यांचा पाद्री केला. तेव्हा पिता, पाद्री, फादर आणि पॅटर्न हे चौघे मराठीत चार वेगळ्या वाटांनी आले असले तरी कुळ एकच. पहिला घरातूनच, दुसरा समुद्रमार्गे, उरलेले दोघे साहेबाच्या शाळेतून. पेट्रोल मात्र या कुळातलं नाही. त्याचा उगम दगडात आहे.

पॅटर्न महाराष्ट्रात लातूरच्या आधीही होता. कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांत तो रोजचा शब्द आहे. जो भाग ओतायचा, त्याची लाकडी प्रतिकृती वाळूत दाबतात, काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडतात. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. आयटीआयमध्ये 'पॅटर्न मेकर' नावाचा अभ्यासक्रमच आहे. शिक्षणातही तो आला होता. कोठारी आयोगाने १०+२+३ची शिफारस केली आणि १९७०च्या दशकात अकरावी मॅट्रिकची दहावी-बारावी झाली, तेव्हा 'नवा पॅटर्न' हे शब्द पालकांच्या तोंडी बसले. सरकारने त्यासाठी 'आकृतिबंध' हा शब्द दिला. नोकरभरतीच्या फायलीत तो अजून खणखणीत आहे. 'सुधारित आकृतिबंध मंजूर' ही ओळ ज्याच्या बदलीवर किंवा बढतीवर टांगलेली असते, त्याला या शब्दाचं वजन विचारा. पण आकृतिबंध मंत्रालयाच्या बाहेर फारसा पडला नाही. 'लातूर आकृतिबंध' असं कुणी म्हणून दाखवावं.

लातूरचं प्रकरण सुरू होतं ते मराठवाड्याच्या उपासमारीतून. पोटाच्या नव्हे, कॉलेजांच्या. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षण हवं तर हैदराबाद गाठायचं आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचं. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५०चं, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारातलं. नरहर कुरुंदकर पुढे त्याचे प्राचार्य झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आलं. लातुरात दयानंद शिक्षण संस्था १९६१ची, आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चं. लातूर तोवर उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक व्यापारी गाव होतं, डाळीच्या गिरण्यांचं, गंजगोलाईचं. ही गोलाई नकाशावर पाहा: मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. निजामी काळात फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने आखलेला हा लातूरचा खरा पहिला पॅटर्न, नक्षीच्या अर्थाने. लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली.

शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे. आफ्रिकी-अमेरिकी साहित्याचे अभ्यासक; पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात, ऐंशी-नव्वदच्या दशकांत, इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात एक शिस्त बसत गेली. तिच्यात गूढ काही नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीतच बारावीचे तास सुरू करायचे. अभ्यासक्रम लवकर संपवायचा. उरलेले महिने चाचण्या, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, पुन्हा चाचण्या. उत्तरपत्रिका तपासून मुलाला समोर बसवून चूक दाखवायची. गुण कुठे जातात हे शोधायचं आणि तिथेच माती टाकायची. दयानंद महाविद्यालय आणि शहरातल्या शाळाही या चढाओढीत होत्या. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं इतकी दिसू लागली की पुण्या-मुंबईच्या पत्रकारांना त्यासाठी नाव शोधावं लागलं. ते नाव लातूर पॅटर्न.

गुण मिळवायची ही घाई का होती, ते समजायला त्या वेळचा प्रवेशाचा नियम आठवावा लागतो. तेव्हा मेडिकलची प्रवेश परीक्षा नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी या तीन विषयांची बेरीज, तिला 'ग्रुप' म्हणायचे, तीवर सगळं ठरायचं. 'ग्रुप किती?' हा मे-जूनमधला लग्नाच्या मांडवातला पहिला प्रश्न. एकेका गुणावर डॉक्टर व्हायचं की बी.एस्सी. करायचं याचा निकाल लागायचा. शिवाय मराठवाड्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं मोजकीच: औरंगाबाद, अंबाजोगाई आणि १९८८पासून नांदेड. त्यातच राज्यात ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांसाठी आणि ३० टक्के सगळ्या राज्यासाठी असं सूत्र होतं. कागदावर न्याय्य दिसणारं हे सूत्र मराठवाड्याला टोचायचं, कारण सत्तर टक्के कशाचे, तर मुळातच थोड्या असलेल्या जागांचे. हे ७०:३० सूत्र सप्टेंबर २०२०मध्ये रद्द झालं. तेव्हा वैद्यकीय शिक्षण मंत्री होते अमित देशमुख, लातूरचेच आमदार.

लातूर पॅटर्नवर टीका पहिल्यापासून झाली: घोकंपट्टी आहे, परीक्षेपुरतं शिक्षण आहे, मुलांना पिळून काढतात. यातलं बरंच खरं आहे. पण ही टीका ज्यांच्या घरात दोन पिढ्या इंग्रजी पुस्तकं होती त्यांच्याकडून आली की मला जरा हसू येतं. परीक्षेने एक कुलूप लावलं होतं आणि लातूरने किल्ली तयार केली. कुलूपच चुकीचं होतं, हा दोष लातूरचा नव्हे.

शब्दाच्या बाजूने पाहिलं तर इथे एक सुंदर योग जुळून आला आहे. ज्या महाविद्यालयाने पॅटर्न दिला ते ज्यांच्या नावाचं आहे ते कोल्हापूरचे शाहू महाराज म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा 'पॅट्रन'. १९०१ सालापासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं, १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव, १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आंबेडकरांना मदत. सतराव्या शतकात इंग्रजांनी वेगळे केलेले दोन भाऊ लातूरच्या एका पाटीवर पुन्हा भेटले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचा भाग मात्र ताटातुटीचाच आहे. आधी सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, मग तिच्या जागी नीट. २०१७पासून महाराष्ट्रातले एमबीबीएसचे प्रवेश पूर्णपणे नीटवर गेले. बोर्डाचं पुस्तक मागे पडलं, एनसीईआरटीचं आलं. लिहायच्या उत्तराऐवजी चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा. ज्या कौशल्यावर पॅटर्न उभा होता, ते नेमकं लिहिण्याचं होतं. लातूरने मान खाली घातली आणि नवी परीक्षा शिकून घेतली. पण हे करताना पॅटर्न महाविद्यालयाच्या वर्गातून निघून खासगी क्लासमध्ये राहायला गेला. उद्योग भवनाच्या परिसराला आता लातूरकर 'ट्यूशन एरिया' म्हणतात. गल्लीगल्लीत भौतिकशास्त्राच्या सरांचे फोटो, त्याखाली सहाशेच्या पुढच्या गुणांचे आकडे, वर अभ्यासिका, खाली मेस. नांदेडलाही असाच पसारा उभा राहिला आणि आता कोण पुढे यावर दोन्ही शहरांत जाहिरातींची लढाई चालते. मुलं परभणी, हिंगोली, बीड, यवतमाळ, कुठून कुठून येतात. 'पोरगं लातूरला टाकलंय' एवढं वाक्य पुरतं; कशाला, ते विचारावं लागत नाही. 'फिजिक्स कुणाकडं लावलं?' याचाही अर्थ समोरच्याला बरोबर कळतो. पुष्कळ घरांत आई दोन वर्षं पोरासोबत भाड्याच्या खोलीत राहते आणि बाप गावाकडे हाताने भाकरी थापतो.

संस्थेची जागा बाजाराने घेतली की कित्त्याची किंमत ठरते. आश्रयदाता आता आहे तो बापच, 'पातेर' या पहिल्या अर्थाचा. फी त्याने भरायची. २०२४ साली नीटमधल्या गैरप्रकारांचा तपास सुरू झाला, तेव्हा अटका लातूरमध्येही झाल्या. त्याचा पॅटर्नशी काय संबंध, म्हणून शहर चिडलं आणि ते चिडणं रास्त होतं. पण ज्या परीक्षेच्या एका आकड्यावर एवढी घरं टांगलेली असतात, तिथे चोरवाट शोधणारा कुणीतरी निघणारच.

दुसऱ्या जिल्ह्यांनी लातूर पॅटर्न आणायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. 'आमच्याकडे लातूर पॅटर्नप्रमाणे शिकवले जाईल' अशा पाट्या राज्यभर लागल्या. बहुतेकांना लातूर काही लाभलं नाही. ओतकामातला कारागीर याचं कारण चटकन सांगेल. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा थोडा मोठाच करावा लागतो. जसाच्या तसा केला तर निघालेला भाग लहान पडतो. वेळापत्रक उचलून नेता येतं. शिकवणारा मास्तर, त्याच्यावर विश्वास ठेवणारं गाव आणि शेजारच्या पोराला मिळाले म्हणून पेटलेली ईर्षा हे वाळूच्या साच्यात उमटत नाही.

नांदेडचा पॅटर्न याच्या नेमका उलट टोकाचा. २०१०च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी दहावी-बारावीच्या परीक्षेत सामुदायिक कॉपीविरुद्ध मोहीम उघडली. परीक्षा केंद्राभोवतीची गर्दी, खिडकीतून येणारे कागदाचे बोळे, भिंतीवर चढलेले भाऊबंद, हे सगळं तोवर जवळपास रिवाजाचा भाग झालेलं. गैरप्रकार रोखणारा राज्याचा कायदा १९८२चा, पण तो कपाटात होता. महसूल, पोलीस आणि शिक्षण खातं एकत्र कामाला लागलं, बैठी पथकं बसली, पालकांच्या आणि मुलांच्या सभा झाल्या. निकालाचा टक्का खाली आला, आरडाओरड झाली, मोहीम मात्र थांबली नाही. मग 'कॉपीमुक्तीचा नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यातल्या इतर जिल्ह्यांनी तो उचलला. थोडक्यात, कॉपी न करण्याची कॉपी झाली.

या 'कॉपी'चीही कुंडली बघण्यासारखी आहे. लॅटिन 'कोपिया' म्हणजे विपुलता, भरभराट. मध्ययुगात दस्तऐवज उतरवून घ्यायची मुभा देण्याच्या कायदेशीर वाक्प्रचारात तो शब्द यायचा, म्हणून हळूहळू उतरवलेल्या प्रतीलाच 'कॉपी' म्हणू लागले. इंग्रजीत ती आजही निरुपद्रवी प्रत आहे. मराठी मुलाला मात्र 'कॉपी' ऐकताच बूट, मोजा, कंपासपेटीचा तळ आठवतो. बारीक अक्षरातली चिठ्ठी म्हणजे कॉपी, ती बाळगणारा म्हणजे कॉपीबहाद्दर. मूळ अर्थात परवानगी होती आणि आपल्याकडे येईस्तोवर तेवढीच गळून पडली.

बीडने तर एका नावाचे दोन पॅटर्न चालवले. रोजगार हमीतून झाडं लावून जगवण्याचा एक. दुसरा पीकविम्याचा. २०२०मध्ये विमा कंपन्या बीडकडे फिरकेनात, तेव्हा ८०:११० असं सूत्र निघालं. नुकसानभरपाई गोळा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार सरकारचा. ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी रक्कम राज्याला परत करायची. हा पॅटर्न पुढे राज्यभर लागू झाला. धुळे जिल्ह्यातला शिरपूर पॅटर्न सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकाच्या नावाशी जोडलेला आहे. तो शब्दाच्या बाजूने साधा आहे, पाण्याच्या बाजूने नाही. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

परीक्षेच्या जगात पॅटर्नचा आणखी एक अर्थ आहे आणि तो पोरांची झोप उडवतो: 'पेपर पॅटर्न'. पॅटर्न बदलला की क्लासचे फलक एका रात्रीत बदलतात. एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं, तेव्हा २०२३च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवा पॅटर्न २०२५वर ढकलला गेला. नीटमध्ये करोनाकाळात २०० प्रश्नांतले १८० सोडवायची सवलत आली होती, वेळही २० मिनिटं जास्त. २०२५ला पुन्हा १८० प्रश्न, १८० मिनिटं. म्हणजे करोनाच्या आधी होतं तेच. पण फलकांवर मात्र 'नवीन पॅटर्ननुसार'.

आता राहिला तो अर्थ, जो कुठल्याही शब्दकोशात नाही. 'त्याचा पॅटर्नच येगळा हाय.' मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, रीलखालच्या ओळीत हे वाक्य सापडतं. इथे पॅटर्न म्हणजे माणसाची ढब, ऐट, आणि थोडा विक्षिप्तपणाही. हे भाषेचं बिघडणं आहे असं मानणाऱ्यांनी दोन जुन्या पाहुण्यांकडे बघावं. 'तऱ्हा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. तिकडे त्याचा अर्थ आराखडा, मांडणी. आपण त्याची रीत केली, मग 'त्याची तऱ्हाच निराळी' म्हणू लागलो, आणि शेवटी तऱ्हेवाईक माणूस तयार केला. 'नमुना' फारसीतला. तो सरकारदरबारी अजून मानाने बसलेला आहे: सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये तीत काय पेरलं ते. सोयाबीन पेरलं की ज्वारी, म्हणजे कृषी विद्यापीठाचे लोक ज्याला क्रॉप पॅटर्न म्हणतात तेच या बारामध्ये लिहिलेलं असतं. पोराला लातूरला टाकायचं तर पतपेढीत कर्जासाठी हाच नमुना न्यावा लागतो. आणि तोच नमुना चहाच्या टपरीवर येतो तेव्हा एखाद्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, 'काय नमुना हाय बग!'

अरबीचा आराखडा, फारसीचा मासला, इंग्रजीचा कित्ता. तिघांनाही मराठीने आधी कचेरीत खुर्ची दिली आणि मग पारावर नेऊन त्यांच्यावरून माणसांची चेष्टा केली. 'पॅटर्न'ला या प्रवासाला चाळीसएक वर्षंच लागली. तऱ्हेवाईकसारखं 'पॅटर्नवाईक' अजून ऐकू आलेलं नाही, पण लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत दोन वर्षं एका खोलीत कोंडलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं आहेत, आणि शब्द बहुतेक तिथेच तयार होतात.